अळंबी आणि तिचें काड

अळंबीच्या अंगीं हरितद्रव्य नाहीं. म्हणून सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें आपलें अन्न आपण तयार करणें तिला साधत नाहीं. ज्या काडावर ती वाढते, त्यांतील काष्ठद्रव्य आपल्या पाचक रसांनीं फोडून तेंच ती शोषून घेते. ज्वारी मातीबरोबर हवेंतूनही अन्न मिळविते. अळंबीचें सर्वस्व मात्र त्या काडांतच असतें.

बटण अळंबीस ताजें काड चालत नाहीं. गव्हाच्या काडांत कोंबडखत मिसळून, ढीग वारंवार उलथून, अमोनियाचा वास जाईपर्यंत तें कुजवावें लागतें. शिवाय तिला थंडावा हवा. वैरागच्या उन्हांत हा खटाटोप परवडणारा नव्हे. धिंगरी अळंबी न कुजविलेल्या काडावरही येते. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेंतील बानो व श्रीवास्तव यांनीं भाताच्या पेंढ्यावरील तिच्या लागवडीचा अभ्यास १९६२ सालीं प्रसिद्ध केला. आतां बार्शी तालुक्यांत भाताचा पेंढा कोठून आणावा? आणण्याचें कारणच नाहीं.

ज्वारीचा कडबा आम्ही सुचवीत नाहीं. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ज्यानें वडिलांच्या तोंडून ऐकल्या आहेत, तो गुरांच्या तोंडचा घास अळंबीस घालणार नाहीं. सोयाबीनचें भुसकट मात्र पुष्कळ ठिकाणीं बांधावर जळून जातें. सोयाबीन शेंगवर्गांतील असल्यामुळें त्यांत गव्हाच्या काडापेक्षां नत्र अधिक. अळंबी त्यावर चांगली पोसते. परंतु आणखी नत्रासाठीं पेंड मिसळण्याचा मोह आवरावा, कारण पिशवी तापते व हिरवी बुरशी अळंबीच्या आधीं सुगीं साधते.

भुसकट रात्रभर भिजवून सुमारें ८० अंश उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवावें व निथळून गार करावें. मुठींत दाबल्यास एखाददुसरा थेंबच पडावा. पाणी अधिक राहिलें तर हवा कोंडून काड आंबतें; अगदीं बारीक भुगाही असाच घट्ट बसतो. मग थराथरानें बियाणें पेरून, भोंकें पाडलेली पिशवी अंधारांत ठेवावी. दोनतीन आठवड्यांत पांढरें जाळें सर्वत्र पसरतें.

पुढें देंठ लांब व छत्री लहान आली, तर दोष भुसकटाचा नव्हे, कोंडलेल्या खोलीचा, खिडकी उघडावी. पण जाळेंच अर्ध्यावर थांबलें, तर भुसकट तपासावें. पावसांत भिजून काळें पडलेल्या भुसकटांत दुसऱ्या बुरशांनीं आधींच घर केलेलें असतें.