गारांचा मेघ कसा ओळखावा ?

रब्बीचा हरभरा काढून त्याचा ढीग शेतात घातलेला असतो, ज्वारीची कणसे खळ्यावर आलेली असतात, आणि अशा वेळी दुपार कलताच आकाश अकस्मात काळवंडते. देगलूर तालुक्यातील शेतकऱ्यास हा प्रसंग नवा नाही. सन २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात वारंवार गारपीट होऊन हातातोंडाशी आलेली पिके गेली. गारपीट थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु तिची चाहूल देणारे मेघ ओळखता आले, तर आवराआवरीस थोडा अवधी मिळतो.

मेघ कसा वाढतो : मार्च महिन्यात काळी जमीन लवकर तापते. तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. याच वेळी खालच्या थरात समुद्रावरून आलेली दमट हवा असेल व वरची हवा थंड असेल, तर हा चढ फार जोराचा होतो. वर जाताना हवा निवते, बाष्पाचे जलबिंदू बनतात आणि कोबीच्या गड्ड्यासारखा फुगीर मेघ दिसू लागतो. हाच वाढत वाढत दहा-बारा किलोमीटर उंच गेला म्हणजे त्यास गर्जन्मेघ म्हणतात.

गार कशी बनते : मेघाच्या वरच्या भागात तपमान गोठणबिंदूखाली असते, तरीही तेथील पुष्कळ जलबिंदू द्रवरूपच राहतात. हिमकणाचा स्पर्श होताच ते त्यावर गोठतात. वर चढणारा वारा या कणांस तोलून धरतो, तोवर त्यांवर बर्फाची पुटे चढतात. भार पेलेनासा झाला की गार खाली येते. मोठी गार फोडून पाहिल्यास आत पुष्कळदा कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

ध्यानात ठेवण्याच्या खुणा :

१. ऐरण : मेघाचा माथा वाढता वाढता सपाट पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा दिसतो. वरचे वारे या दिवसांत बहुधा पश्चिमेकडून वाहतात. म्हणून उदगीरच्या बाजूस उठलेल्या मेघाची ऐरण देगलूरवर आधी येते, मेघ मागाहून. आवराआवर याच वेळी सुरू करावी.

२. थैल्या : ऐरणीच्या खालच्या अंगास कधी ओळीने लोंबणाऱ्या थैल्या दिसतात. हिमकणांनी जड झालेली हवा खाली उतरू लागली म्हणजे त्या बनतात. त्या स्वतः गारा पाडीत नाहीत; मात्र जवळ बलाढ्य गर्जन्मेघ असल्याचे सांगतात.

३. काळी कड : पाऊस व गारा यांसह कोसळणारी थंड हवा जमिनीवर पुढे पसरते व समोरच्या दमट हवेस उचलते. त्यामुळे मेघाच्या पुढे लांबलचक काळी कड दिसते. ती दिसल्यावर वावटळ अवघ्या काही मिनिटांत येते. आता माल सोडून जीव सांभाळावा.

काय करावे : ऐरण दिसताच काढलेला माल ताडपत्रीने झाकून कडा दगडांनी दाबाव्यात व जनावरे झाडाखालून सोडून गोठ्यात न्यावीत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर होते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर तत्काळ पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाचा आसरा कदापि घेऊ नये.

गेलेले पीक पुढील हंगामी पुन्हा पेरता येते. गेलेला माणूस परत येत नाही.