दिव्याचे गाणे

एक लहानसा दिवा हळूहळू उजळतो आणि तितक्याच संथपणे मंदावतो. जणू निद्रिस्त बालकाचा श्वासोच्छ्वासच! हा दिवा एलईडी जातीचा असून त्यामागील योजना साधी आहे. हान्स कामेनझिंड या अभियंत्याने १९७१ साली रचलेली ‘५५५’ क्रमांकाची चिप, १ हजार व ३३ हजार ओहमचे दोन रोध, एक ट्रान्झिस्टर, १०० मायक्रोफॅरडचे धारित्र आणि ९ व्होल्टची बॅटरी, एवढीच तिची मुख्य सामग्री.

या योजनेचे मर्म धारित्रात आहे. धारित्र म्हणजे जणू विजेचा रांजण. रोधांमधून वीज झिरपत येते व तो भरत जातो. ठरावीक पातळी गाठताच चिप त्याला रिता करू लागते. पातळी पुरेशी उतरली, की भरणे पुन्हा सुरू होते. या चढउताराबरोबर ट्रान्झिस्टर दिव्याला कमीअधिक वीज देतो. एका फेरीस सुमारे साडेचार सेकंद लागतात.

आता त्या जागी हजारपटीने लहान, ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र बसवले तर? रांजणाचा पेला झाला! तो सेकंदास सुमारे २१५ वेळा भरतो व उतरतो. दिवा लुकलुकतच असतो. पण डोळ्यांना तो स्थिर भासतो. पाहणाऱ्यास वाटते, खेळ बिघडला. परंतु चिपचे तिसरे टोक व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये, १० मायक्रोफॅरडच्या धारित्रामार्फत, लहान ध्वनिक्षेपक जोडताच स्पष्ट स्वर उमटतो! सेकंदास सुमारे २० ते २०,००० कंपने मानवी कानास ऐकू येतात. डोळा जेथे थकतो, तेथे कान जागा होतो. ३३ हजार ओहमच्या जागी कमीजास्त करता येणारा रोध घातल्यास स्वर चढवता-उतरवता येतो.

ही कल्पना जुनीच आहे. पूर्वी कार्बनच्या दोन कांड्यांमधील विद्युत्-ज्योतीवर चालणारे दिवे असत. त्यांची गुणगुण कानास नकोशी वाटे. विल्यम डडेल या इंग्रज शास्त्रज्ञाने अशा दिव्यास तारेचे वेटोळे व धारित्र जोडले, कळा दाबून धारित्रे बदलली, आणि १९०० साली लंडनच्या विद्युत् अभियंत्यांपुढे त्यातून चक्क गीताचे सूर काढून दाखवले!

दिव्याचा मंद श्वास आणि हा सूर, दोन्ही एकाच चढउताराची रूपे; भेद केवळ गतीचा. बिघाड समजून जे टाकून द्यावे, त्याकडे क्षणभर कान देणारासच हे गुपित उमगते.

शब्दार्थ : धारित्र – वीज साठवणारा घटक, कंडेन्सर, रिता – रिकामा, मर्म – खरे रहस्य.

स्वाध्याय
१. धारित्रास रांजणाची उपमा का दिली आहे?
२. ‘डोळा जेथे थकतो, तेथे कान जागा होतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.