हर्बल आहे, पण माशाला मानवेल का?

मोहाची पेंड शंभर टक्के वनस्पतीजन्य. मत्स्यपालक ती हेक्टरी 2500 किलोच्या हिशेबाने तळ्यात टाकतात, पण मासे मारायला. बीज सोडण्याआधी मरळीसारखे खादाड मासे संपवायचे असतात आणि पेंडीतलं सॅपोनिन ते काम चोख करतं. विषाचा अंमल उतरायला पुढे दोन-तीन आठवडे लागतात. गेळफळ ठेचून डोहातले मासे गुंगवण्याची रीत तर त्याहून जुनी. तरीही ‘हर्बल आहे, अपाय कसला?’ असं खाद्याच्या दुकानात सर्रास सांगितलं जातं.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेततळेवाल्याने ते खरं मानलं. तळं प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं, आत रोहू आणि कटला. थंडीत काही माशांच्या अंगावर तांबडे चट्टे उठले. अँटिबायोटिक वापरायचं नाही, हे त्याने ठरवलं आणि ते योग्यच होतं. युरोपीय संघाने तर 2006 पासून जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायलाच बंदी केली आहे. मग त्याने कडुलिंबाच्या पाल्याची पूड, हळद आणि लसूण खाद्यात कालवले. माप कसलंच नाही. “ओंजळीनं टाकत होतो. जास्त टाकलं की गुण लवकर येईल, असं वाटायचं,” तो सांगतो.

मासे खाद्याला तोंड लावत आणि थुंकून टाकत. कडू लागत होतं ना! मातीच्या तळ्यात उरलंसुरलं खाद्य थोडंफार जिरतं. अस्तरावर ते साचून कुजतं, अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो. ढगाळ दिवसांनंतर एका पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडून हवेसाठी धडपडू लागले. एअरेटर नव्हताच. मर लागली ती मूळ रोगापेक्षा त्या ‘औषधी’ खाद्यानेच जास्त.

यात लसणाचा दोष नाही. रोहूला किलोभर खाद्यामागे 1 ते 10 ग्रॅम लसूण देऊन झालेल्या प्रयोगांत प्रतिकारशक्ती वाढली आणि एरोमोनास जिवाणूची लागण केल्यावरही मासे अधिक तगले. प्रश्न येतो तो मापाचा आणि देण्याच्या पद्धतीचा. लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवावा, तेवढ्यात अ‍ॅलिसिन तयार होतं. आधीच शिजवला तर ते तयार करणारं विकर नष्ट होतं. मग थोड्या तेलात किंवा भाताच्या पेजेत मिसळून गोळी खाद्यावर चोळायचा आणि खाद्य सावलीत सुकवायचं. नुसती पूड भुरभुरली तर माशाच्या पोटात जाण्याआधीच पाण्यात धुऊन जाते, पैसेही तिच्याबरोबर.

एका वेळी एकच वनस्पती. तीन-चार एकदम घातल्या तर गुण कशाचा आणि बाधा कशाची, कळायचं कसं? आधी तळ्यात एक हापा (जाळीचा पिंजरा) बांधून मूठभर माशांवर प्रयोग करावा. खाद्य ट्रेमध्ये ठेवून तासाभराने तो उचलून पाहावा: खाद्य उरलेलं असेल तर मात्रा कमी करायची, वाढवायची नाही. पहाटेचा प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली जात असेल, तर हळदीचा खर्च बाजूला ठेवून आधी एअरेटर घ्यावा, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे.

आणि तांबडे चट्टे? त्यामागे जिवाणू असतील, माशांची ऊ असेल किंवा 1988 मध्ये भारतात शिरलेला व्रणरोग असेल, जो बुरशीसारख्या जीवामुळे होतो आणि थंडीत बळावतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि नुसतं पाहून फरक ओळखणं अनुभवी माणसालाही अवघड. म्हणून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे किंवा प्रयोगशाळेत मासा न्यायचा तो आजारी पण जिवंत, तळ्याच्याच पाण्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीतून. सकाळी मरून फुगलेला मासा दुपारी नेला, तर कुजण्याचे जिवाणू मूळ रोगाची खूण झाकून टाकतात आणि तपासणारा काहीच सांगू शकत नाही.