अर्ज आणि हुकूम

धंतोली, नागपूर
दिनांक १२ डिसेंबर

चि. बाळ हीस मोठ्या काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पावले. मिहानमधल्या तुझ्या कंपनीने तुला संकेतस्थळांच्या सुरक्षातपासणीच्या कामावर घेतले आणि त्यातही क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग हा विषय प्रथम हाती दिला, हे वाचून घरात सर्वांनाच समाधान वाटले. तुझ्या काकूने संत्रा-बर्फीचा पुडा शेजारी वाटलासुद्धा. परंतु त्याच पत्रात, शहरातल्या एका संस्थेच्या संकेतस्थळावर शोधाच्या रकान्यात एका ओळीची स्क्रिप्ट लिहून तू पडद्यावर चौकट उमटवलीस आणि मैत्रिणींनी वाहवा केली, असे जे मोठ्या उत्साहाने कळवले आहेस, त्याने मी काहीसा अस्वस्थ झालो. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे सिव्हिल लाईन्सकडचे सकाळचे फिरणे बंद आहे. तो रिकामा वेळ या पत्राच्या कामी लावतो.

तू जाणतेसच की माझ्या नोकरीचा आरंभ एका कचेरीच्या बारनिशीत झाला. दारातून आत येणारा प्रत्येक कागद प्रथम माझ्या टेबलावर येई, त्याच्यावर आवक क्रमांक पडे आणि मगच तो पुढे सरके. आमचे शिरस्तेदार नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी बजावीत, की अर्ज वाचायचा असतो आणि हुकूम बजावायचा असतो, आणि या दोहोंची गल्लत ज्याच्या हातून होईल त्याने दप्तराला हात लावू नये. अर्जदार आपल्या अर्जात ‘सदर जमीन माझ्या नावे तात्काळ चढवावी, कसूर होऊ नये’ अशी साहेबी भाषा वापरो, की खाली लाल शाईने स्वतःच शेरा मारो. कारकुनाच्या लेखी तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत अर्जच राहतो. आता अशा एका कारकुनाची कल्पना कर, की जो विलक्षण चपळ आणि अविश्रांत आहे, परंतु कचेरीच्या शिरोनाम्याखाली जे जे लिहिलेले दिसेल ते ते साहेबाचेच वचन समजून तत्क्षणी अंमलात आणतो. ब्राउझर हा तो कारकून होय.

संकेतस्थळाकडून आलेल्या पानात मजकूर कोणता आणि आज्ञा कोणती, हे तो केवळ चिन्हांवरून ठरवतो. म्हणून कोणी अभ्यागताने नावाच्या वा तक्रारीच्या रकान्यात स्क्रिप्ट लिहिली, आणि संस्थेने ती आहे तशी आपल्या पानात उतरवून दुसऱ्या कोणाच्या ब्राउझरकडे धाडली, म्हणजे ती संस्थेच्या नावाने व संस्थेच्या अधिकाराने चालू लागते: त्या दुसऱ्याची कुकी वाचते, त्याच्या वतीने परस्पर व्यवहार करते, त्याच्यापुढे पासवर्ड मागणारा खोटा नमुना मांडते. १७७३ साली झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी लोकांनी जोडलेली ‘ध चा मा’ची कथा येथे अनेकांना आठवते, परंतु त्या कथेत हुकमाचाच कागद खाडाखोड करून बदलला गेला, आणि येथे हुकमाला कोणी बोटही लावत नाही, अर्जच हुकूम म्हणून वाचला जातो. सबब दोष जितका लिहिणाऱ्याच्या लबाडीत, त्याहून अधिक उतरवून घेणाऱ्याच्या बेफिकिरीत आहे. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सर्ट या संस्थेने या दोषाविषयी जाहीर ताकीद दिली, त्या सुमारास त्याला मिळालेले ‘क्रॉस-साइट’ हे नाव मला नेहमीच थोडे फसवे वाटत आले आहे, कारण पुष्कळदा दुसरी साइट या प्रकरणात नसतेच. संकेतस्थळांच्या सुरक्षेचे काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने प्रमुख धोक्यांच्या २०१७ च्या यादीत त्याला स्वतंत्र स्थान दिले होते, ते २०२१ मध्ये काढून त्याला ‘इंजेक्शन’च्या सदराखाली घातले, मुळाकडे पाहता ते यथार्थ झाले.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कचेरीत संगणक आले तेव्हा मला प्रशिक्षणाला धाडले, आणि पुढे तक्रारनोंदणीचा एक लहानसा प्रोग्राम मी स्वतः तयार केला, त्याचा मला गर्वही होता. एके दिवशी एक वयस्क गृहस्थ आले. म्हणाले, मी माझा ई-मेल पत्ता लिहूनही मला उत्तर आले नाही. पडद्यावर त्यांचे नाव होते आणि नावापुढे नुसती मोकळी जागा. पत्ता लिहायचा आपल्याकडूनच राहिला असेल, असे मी काहीशा तोऱ्यात सांगितले आणि ते काही न बोलता जिना उतरून गेले. सायंकाळी मूळ नोंद काढून पाहतो तो पत्ता तेथे होता. मेलमध्ये दिसतो तसा, नावापुढे कोनी कंसात, व्यवस्थित लिहिलेला. ब्राउझरने कंस पाहून तो पत्ता म्हणजे कोणती तरी अपरिचित आज्ञा मानली होती, आणि अपरिचित आज्ञा तो निमूटपणे गिळून टाकतो. त्या गृहस्थांची मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली. परंतु जो रकाना सज्जनाचा पत्ता गिळतो तोच दुर्जनाची स्क्रिप्ट चालवील, हे माझ्या ध्यानात यायला आणखी कित्येक महिने लागले.

त्या प्रसंगातूनच तपासणीची रीत निघते. प्रथम स्क्रिप्ट नव्हे, तर अन्यत्र कोठेही न आढळणारा एखादा निरुपद्रवी शब्द रकान्यात घालावा आणि तो कोठे कोठे उमटतो याचा माग काढावा. नंतर त्याच्याभोवती कोनी कंस, अवतरणचिन्हे घालून, ती पडद्यावर काय दिसतात यापेक्षा पानाच्या मूळ मजकुरात कोणत्या रूपाने उतरली, हे पाहावे. येथे मराठी माणसाला एक खास चकवा आहे, तो ध्यानात ठेव. कोनी कंसाला लागून इंग्रजी अक्षर आले तर ब्राउझर त्याला आज्ञेचा आरंभ समजतो. देवनागरी अक्षर वा आकडा आला तर कंसासकट ते साधा मजकूर म्हणून छापतो. मराठी नमुन्यात मराठीच शब्द घालून ‘सर्व ठीक’ असा शेरा मारणाऱ्याने प्रत्यक्षात काहीच तपासलेले नसते.

मजकूर जेथे उतरतो त्या जागेप्रमाणे धोका बदलतो आणि बंदोबस्तही बदलतो. पानाच्या उघड मजकुरात कोनी कंस सांकेतिक रूपात लिहिले की भागते. पण तोच मजकूर आज्ञेतील एखाद्या गुणधर्माच्या अवतरणचिन्हांत बसवला असेल तर कंसाची गरजच नसते, एक जादा अवतरणचिन्ह घालून बाहेर पडता येते. आणि दुव्याच्या पत्त्यात बसवला असेल तर ‘जावास्क्रिप्ट’ या शब्दाने व विसर्गासारख्या दोन टिंबांनी आरंभ होणारा पत्ता, एकही कंस न वापरता, टिचकीसरशी चालतो. आपल्या पूर्वजांना हा विवेक होता. रक्कम आकड्यांत लिहून ती पुन्हा अक्षरी लिहावी व पुढे ‘फक्त’ घालावे, ओळीतल्या रिकाम्या जागेवर आडवी रेघ मारावी. आणि शिवकालीन पत्राच्या शेवटी तर ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उठवीत, म्हणजे लेखन येथे संपले, याखाली कोणी भर घालू नये. आकड्याला जे रक्षण ते पत्राच्या शेवटाला चालत नाही, हे ज्यांना कळत होते त्यांना एकच गाळणी सर्व रकान्यांना लावणाऱ्या आजच्या प्रोग्रामरचे नवल वाटले असते.

‘आम्ही वाईट शब्दच आत येऊ देत नाही’ असे तुला पुष्कळजण सांगतील. त्यांना सॅमी कामकारची हकीकत सांग. २००५ च्या ऑक्टोबरात या एकोणीस वर्षांच्या तरुणाने मायस्पेस या समाजमाध्यमावरील आपल्या पानात एक स्क्रिप्ट ठेवली. त्या संस्थेने ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द निषिद्ध ठरवला होता. त्याने तो मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला, गाळणीला तो ओळखू आला नाही, आणि कित्येक ब्राउझरांनी तो जोडून वाचला. त्याचे पान जो पाही त्याच्याकडून सॅमीला आपोआप मैत्रीची विनंती जाई, सॅमी हा आपला आदर्श आहे असे वाक्य त्याच्याही पानावर उमटे, आणि स्क्रिप्टची नक्कल तेथून पुढच्या पाहणाऱ्याकडे जाई. सुमारे वीस तासांत दहा लाखांवर खाती त्यात सापडली. हेतू थट्टेचा होता. परिणती २००७ साली न्यायालयात गुन्ह्याची कबुली आणि तीन वर्षांची परिवीक्षा अशी झाली. गाळणीच्या या फजितीहून हा शेवट तू अधिक लक्षात ठेवावास, अशी माझी इच्छा आहे.

तपासणीला बसशील तेव्हा बारनिशीच्या कारकुनासारखी बस. आवकेची संपूर्ण नोंद कर: दिसणारे रकाने तर खरेच, पण पत्त्याच्या पट्टीतील मूल्ये, चढवलेल्या फायलींची नावे, ब्राउझर स्वतःविषयी जे कळवतो ते, हे सर्व आवकच आहे. मग प्रत्येकाची जावक शोध. आलेला मजकूर त्याच उत्तरात परत उमटतो तेथे बळीला दुवा धाडून फसवावे लागते. तो साठवला जातो तेथे कोणाला बोलवावेही लागत नाही, पान उघडणारा प्रत्येकजण सापडतो. साठवल्या जाणाऱ्या मजकुरातच कधी कधी नागरिकाने दर्शनी भागात लिहिलेले आठ दिवसांनी एखाद्या अधिकाऱ्याच्या अंतर्गत पडद्यावर उघडते, जेथे अधिकार सर्वांत मोठा आणि तपासणी सर्वांत थोडी असते. ती जागा पाहिल्यावाचून अहवाल पुरा करू नकोस. तिसरा प्रकार पानातील स्क्रिप्टच्याच चुकीने घडतो. पत्त्यातील हॅश चिन्हापुढचा भाग सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही, तेव्हा सर्व्हरच्या नोंदी चाळून तो सापडणार नाही, पानातील स्क्रिप्टच वाचावी लागेल.

दोष सापडला की कोणता रकाना, कोणती जागा, कोणाच्या ब्राउझरात काय घडू शकते आणि उपाय काय, एवढे साध्या भाषेत लिही. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा तपास. उपाय सांगताना क्रम चुकवू नकोस: उतरवताना जागेनुसार सांकेतिक रूप देणे हा मुख्य उपाय, कुकीला ‘एचटीटीपी-ओन्ली’ची खूण लावणे आणि परक्या स्क्रिप्टला मज्जाव करणारे कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचे धोरण घालणे हे मागचे पहारे. खूण लावलेली कुकी स्क्रिप्टला वाचता येत नाही हे खरे, पण त्या माणसाच्या वतीने व्यवहार करण्यापासून ती स्क्रिप्टला रोखीत नाही.

आता तुझ्या चौकटीकडे येतो. चौकट निरुपद्रवी होती, हे मला मान्य आहे. पण त्या संस्थेने तुला तपासणीचा अधिकार दिला नव्हता; त्यांच्या दारात तू एक अर्जदार होतीस, आणि आपला अर्ज हुकूम म्हणून बजावला जाईल हे ठाऊक असून तो तू आत सारलास. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ४३ वे कलम मालकाच्या परवानगीवाचून संगणकव्यवस्थेत शिरण्याविषयीच आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझ्या मनात कपट नव्हते हे मी जाणतो. पण तपासनीसाची सुरक्षितता त्याच्या मनाच्या जिवावर असू नये, लेखी परवानगीच्या जिवावर असावी: कोणते संकेतस्थळ, कोणत्या तारखा, कोणती खाती, आणि खरी माहिती समोर आली तर कोठे थांबायचे.

तेव्हा एवढे कर. त्या संस्थेच्या पानाला पुन्हा हात लावू नकोस. आपल्या वरिष्ठांना घडले ते सांग, मैत्रिणींना दाखवल्याचेही सांग, आणि त्यांच्या सल्ल्याने संस्थेला किंवा केंद्र सरकारच्या सर्ट-इनला रीतसर कळव. पत्र नम्र असावे, त्यात आपल्या कौशल्याची प्रौढी नसावी, आणि बक्षिसाची अपेक्षा तर मुळीच नसावी. पाठवलेल्या पत्राची एक नक्कल मला धाड; जावक क्रमांक मी घालीन.

कळावे.

तुझा
मोठा काका

ता. क. तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या संपर्कनमुन्यात कोनी कंसातला पत्ता टिकतो की गिळला जातो, हे पाहण्याचा मोह तुला आताच झाला असेल. आधी विचार, मग पाहा.