मदयनचा पाणवठा आणि छावणीतील मुली

पवित्र कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये (28:22-28) एका परागंदा पुरुषाची हकीकत आली आहे. हजरत मूसा (अ.) मिसर देशातून जीव वाचवून निघाले आणि मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचले. जवळ ना धन, ना ओळखीचे माणूस. तेथे लोक आपापल्या जनावरांना पाणी पाजत होते आणि गर्दीपासून दूर दोन मुली आपली जनावरे अडवून उभ्या होत्या. मूसा (अ.) यांनी त्यांची अडचण विचारली. मेंढपाळ निघून गेल्याखेरीज आपल्याला पाणी पाजता येत नाही आणि वडील फार वृद्ध आहेत, असे त्यांनी सांगितले. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले. मग ते सावलीत गेले आणि त्यांनी आपल्या पालनकर्त्यापुढे स्वतःची गरज मांडली.

या ठिकाणी मूसा (अ.) यांनी काय केले नाही, तेही ध्यानात घ्यावे. मुलींनी घराबाहेर का पडावे, असे त्यांनी विचारले नाही. त्यांना रिकाम्या हाताने घरी पाठवले नाही. उपकाराचा मोबदला मागितला नाही. अडचण गर्दीत होती, मुलींमध्ये नव्हती, हे त्यांनी ओळखले आणि त्या मुलींचे काम पार पडेल असे केले. मुलींच्या संरक्षणाचा हा कुरआनी नमुना आहे. आज आपल्या शेजारच्या देशात लाखो मुली अशाच एका पाणवठ्यावर उभ्या आहेत. त्यांच्याकडे आपण या नमुन्याच्या प्रकाशात पाहू.

छावणीतील जीवन

म्यानमारच्या 1982 च्या नागरिकत्व कायद्यानंतर रोहिंग्या मुसलमान आपल्याच भूमीत परके ठरले. 1978 साली आणि पुन्हा 1991-92 मध्ये त्यांना मोठ्या संख्येने देश सोडावा लागला होता. 25 ऑगस्ट 2017 नंतर सुरू झालेल्या लष्करी कारवाईमुळे काही महिन्यांतच सात लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून बांगलादेशात आले. कॉक्स बाजार जिल्ह्यातील उखिया आणि टेकनाफ या उपजिल्ह्यांत त्यांच्या छावण्या आहेत. आज तेथे दहा लाखांहून अधिक लोक राहतात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक अठरा वर्षांखालील आहेत.

डोंगर कापून केलेल्या उतारांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. पावसाळ्यात दरड कोसळते, उन्हाळ्यात आग पसरते. 22 मार्च 2021 च्या आगीत सुमारे पंचेचाळीस हजार लोक एका दिवसात पुन्हा बेघर झाले. पाण्याचा नळ सामायिक, शौचालय सामायिक, भिंत म्हणजे बांबूचा पातळ तट्ट्या.

अशा वस्तीत मुलगी वयात आली की तिचे जग आकसू लागते. अंधारात शौचालयाला जावे लागू नये म्हणून ती सायंकाळी पाणी पिणे टाळते. मासिक पाळीचे कापड उन्हात वाळवायला आडोसा नसतो, म्हणून ते ओलेच वापरले जाते आणि आजार जडतो. आईवडिलांना तिच्या अब्रूची काळजी असते. ही काळजी खरी आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. परंतु त्या काळजीपोटी मुलीचे शिक्षण थांबते, मैत्रिणी तुटतात आणि चार हातांच्या झोपडीत तिचे दिवस जाऊ लागतात. ज्यांच्यामुळे वाट असुरक्षित झाली ते मोकळे फिरतात आणि मुलगी मात्र कोंडली जाते.

वाट सुरक्षित करणे

ही वाट सुरक्षित करता येते, हे त्याच छावण्यांनी दाखवून दिले आहे. सुरुवातीच्या काळात सरपणासाठी स्त्रिया आणि मुलांना जंगलात दूरवर जावे लागे. तेथे हल्ल्याचे भय असे आणि हत्तींचेही. 2018 पासून कुटुंबांना स्वयंपाकाचे गॅस सिलिंडर मिळू लागले आणि जंगलाच्या फेऱ्या कमी झाल्या. झाडे वाचली आणि मुलीही वाचल्या. रस्त्यांवर सौर दिवे लागले. केवळ स्त्रियांसाठी केंद्रे उघडली. तेथे मुलींना शिवणकाम शिकता येते आणि मनातले दुःख विश्वासाच्या बाईजवळ बोलता येते.

शिक्षणाची गोष्टही अशीच आहे. 2021 च्या अखेरीस छावण्यांत म्यानमारच्या अभ्यासक्रमाचे वर्ग सुरू झाले. मोठ्या मुली वर्गात येईनात, तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग भरवले गेले आणि ने-आण करण्यासाठी वस्तीतीलच प्रौढ व्यक्ती सोबत देण्यात आल्या. त्यामुळे अनेक पालकांनी मुलींना पुन्हा पाठवले. पालकांचा विरोध अक्षरांना नव्हता, असुरक्षिततेला होता. ती दूर होताच दार उघडले.

त्या दोन बहिणींपैकी एक पुढे मूसा (अ.) यांना बोलावण्यासाठी आली, तेव्हा ती लज्जेने चालत आली, असे कुरआन नोंदवतो. म्हणजे तिची लज्जा आणि तिचे बाहेर पडणे यांत विरोध नव्हता. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात स्त्रियांनी ज्ञानप्राप्तीसाठी स्वतंत्र दिवस मागितला आणि प्रेषितांनी (स.) तो त्यांना दिला, ही गोष्ट सहीह बुखारीत आहे. आपल्याभोवती पुरुषांचीच गर्दी असते, ही त्यांची तक्रार प्रेषितांनी (स.) रास्त मानली.

भुकेपोटी होणारे विवाह

छावणीतील मुलीवरील दुसरे संकट म्हणजे अकाली विवाह. 2023 साली निधी आटला आणि दरमहा माणशी बारा डॉलर असलेली अन्नमदत आठ डॉलरवर आली. नंतर ती वाढवण्यात आली. परंतु अशा दिवसांत घरात एक तोंड कमी व्हावे हा विचार बळावतो. काहींना वाटते की नवरा असला म्हणजे मुलगी सुरक्षित. त्यात हुंड्याची रूढी आहे. मुलगी जितकी लहान, तितकी मागणी कमी, या हिशेबाने पंधरा वर्षांच्या मुलीचा विवाह उरकला जातो. लग्नाच्या आमिषाने मुलींना नावेत बसवून मलेशियाकडे नेणारे दलालही याच असहायतेवर जगतात.

इस्लामची शिकवण येथे स्पष्ट आहे. स्त्रीला तिचा महर आनंदाने द्यावा, असा आदेश सूरह अन्-निसा (4:4) देते. वधूच्या बापाकडून पैसे घेणे ही त्या आदेशाची उलटापालट आहे. कुमारिकेची संमती घेतल्याशिवाय तिचा विवाह करू नये, असे प्रेषितांनी (स.) बजावले. हजरत खनसा बिन्त खिदाम (रजि.) यांचा विवाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला होता, त्या प्रेषितांकडे (स.) आल्या आणि प्रेषितांनी (स.) तो विवाह रद्द ठरवला. ज्या मुलीला नकार दिल्यास उपाशी राहण्याचे भय आहे, तिच्या मौनाला संमती म्हणावे काय, याचा विचार प्रत्येक वलीने अल्लाहला साक्षी ठेवून करावा.

2017 मध्ये अनेक मुलींचे वडील मारले गेले. अनाथांविषयी सूरह अन्-निसा (4:6) सांगते की ते विवाहयोग्य वयास पोहोचेपर्यंत त्यांची पारख करीत राहावे आणि त्यांच्यात समज दिसली तरच त्यांची मालमत्ता त्यांच्या हवाली करावी. वाचकहो, विचार करा. मालमत्ता सोपवण्यासाठी जर समज पाहावी लागते, तर एक संपूर्ण संसार अजाण मुलीच्या खांद्यावर ठेवताना ती पाहायला नको काय?

मुलीचे मत

मदयनच्या प्रसंगाचा शेवट फार अर्थपूर्ण आहे. त्या दोघींपैकी एकीने वडिलांना सुचवले की, या माणसाला कामावर ठेवावे, कारण बलवान आणि विश्वासू असा माणूसच उत्तम. वडिलांनी तो सल्ला मानला. कामावर माणूस नेमताना कोणते गुण पाहावेत, ही कसोटी कुरआनने एका मुलीच्या तोंडून सांगितली आहे. जिला काल पाणवठ्यावर वाट मिळत नव्हती, तिच्या विचारावर आज घराचा निर्णय ठरला.

छावणीत मदत करणाऱ्यांनीही हेच करावे. दिवा कोठे हवा, शौचालयाची कडी कोणत्या बाजूने हवी, कोणती वाट भीतीची आहे, हे त्या वाटेने जाणाऱ्या मुलीइतके कोणालाच ठाऊक नसते. तिला विचारले की संरक्षण नेमके होते आणि तिच्या ठायी आत्मविश्वासही येतो.

आपले कर्तव्य

2025 च्या जूनमध्ये निधीअभावी छावण्यांतील शिक्षण केंद्रे बंद ठेवावी लागली आणि दोन लाखांहून अधिक मुलांच्या शिक्षणावर संकट आले. गरीब, गरजू आणि प्रवासात निराधार झालेले लोक हे जकातीचे हक्कदार आहेत (9:60). जकात-सदका देताना आपण कायदेशीर आणि विश्वासार्ह मार्ग निवडावा आणि मुलींसाठी काय केले जाते, हे विचारावे. धान्याच्या पोत्याबरोबर पाळीचे स्वच्छ कापड, कंदील आणि शिक्षिकेचे मानधन यांचाही विचार व्हावा.

आपल्या घरातही डोकावून पाहावे. क्लास दूर आहे, रस्त्यावर टोळके उभे असते, म्हणून दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवणारी कुटुंबे आपल्या मोहल्ल्यांतही आहेत. तेथे मुलीला घरी बसवणे सोपे असते. चार पालकांनी मिळून सोबतीची व्यवस्था करणे, टोळक्यातील मुलांच्या बापांना जाब विचारणे कठीण असते. मूसा (अ.) यांनी परक्या देशात, थकलेल्या अवस्थेत, कठीण तेच निवडले.

दोन मुलींचे त्या प्रौढ होईपर्यंत पालनपोषण करणारा कियामतच्या दिवशी आपल्या निकट असेल, असे सांगताना प्रेषितांनी (स.) आपली बोटे जुळवून दाखवली, हे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. अल्लाह आपल्याला ही निकटता लाभण्याजोगे आचरण देवो आणि छावण्यांतील त्या लेकींची वाट सुरक्षित करो. आमीन.