भाड्याची नौका

मराठवाड्याच्या काळ्या भुईत वाढलेल्या मुलाला समुद्र प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात, निळ्या रंगाच्या रूपाने. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसले आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, पूर्णा आणि दुधना या नद्या जिल्ह्यातून जातात, शहराजवळ घाणेवाडीचा तलाव आहे. पण भरती-ओहोटीचे पाणी पाहावयाचे तर रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मुंबई गाठावी लागते. गंमत अशी की, या जिल्ह्याच्या नावावर बंदर मात्र आहे. दरेगाव येथे २०१५ साली ‘ड्राय पोर्ट’ची, म्हणजे कोरड्या बंदराची पायाभरणी झाली. अशा बंदरात जहाज कधीच येत नाही; जहाजावर चढावयाच्या मालाच्या पेट्या तेवढ्या तेथून निघतात.

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याकडील कितीतरी कुटुंबे मुंबई पाहावयास जातात आणि गेटवे ऑफ इंडियापाशी येऊन उभी राहतात. ही भव्य कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी लोकांसाठी खुली झाली. कमानीच्या पायऱ्यांशी घारापुरीला जाणाऱ्या लाँचा लागतात. ज्याने तिकीट काढावे त्याने त्यांत बसावे, असा तेथील रिवाज आहे. त्यापलीकडे, खोल पाण्यात, उंच डोलकाठीच्या काही पांढऱ्या नौका नांगरून ठेवलेल्या दिसतात. या नौकांना तिकीट नसते. संपूर्ण नौका, तिच्यावरील तांडेल आणि खलाशी यांसह, दोन-चार तासांसाठी भाड्याने घ्यावी लागते. हिलाच यॉट म्हणतात.

यॉट हा शब्द मूळचा डच भाषेतील. त्याचा अर्थ पाठलाग किंवा शिकार. उथळ किनाऱ्यावर चपळाईने धावणाऱ्या लहान नौकांना हॉलंडमध्ये हे नाव मिळाले. १६६० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला डच लोकांनी ‘मेरी’ नावाची अशी एक नौका भेट दिली. राजाला ती इतकी आवडली की, पुढच्याच वर्षी टेम्स नदीत त्याने आपल्या भावाबरोबर नौकांची शर्यत लावली. त्याच वर्षी, १६६१ च्या विवाहकरारान्वये, पोर्तुगिजांनी या राजाला मुंबई बेट आंदण देण्याचे मान्य केले. मौजेसाठी नौका बाळगण्याची हौस पुढे इंग्रजांबरोबर त्याच मुंबईत आली. १८४६ साली येथे स्थापन झालेला यॉट क्लब अपोलो बंदरावर आजही आहे. दीर्घकाळ ही हौस मुख्यतः युरोपीय लोकांपुरतीच राहिली. आता मात्र पैसे भरून कोणीही तासा-दोन तासांसाठी या नौकेचा धनी होऊ शकतो.

धनी होतो म्हणजे नेमका कशाचा, हे नीट समजून घेतले पाहिजे. बैलगाडी भाड्याने घेतली तर गाडीवानाला वाट सांगता येते. नौकेचे तसे नाही. भाडे देणाऱ्याला बसण्याची जागा मिळते, वेळ मिळतो, फार तर कोणत्या बाजूस जावे हे सुचविता येते. परंतु निघावे की न निघावे, कोठून परतावे आणि किती माणसे घ्यावीत, याचा निर्णय तांडेलाचा असतो. म्हणूनच भाडे ठरविताना पहिला प्रश्न रकमेविषयी न विचारता परवान्याविषयी विचारावा. प्रत्येक नौकेची ठराविक मुदतीने तपासणी व्हावी लागते आणि ती किती माणसे वाहू शकते, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले असते. तांडेलाजवळही नौका चालविण्याचा दाखला असावा लागतो. या दोन कागदांनंतर जीवरक्षक जाकिटांची मोजणी करावी. जितकी माणसे तितकी जाकिटे, आणि मुले असतील तर त्यांच्या अंगाला नीट बसतील अशी लहान मापाची जाकिटे. मोठ्या माणसाचे सैल जाकीट मुलाला घातले, तर पाण्यात ते वर राहते आणि मूल त्यातून खाली निसटते. एवढे झाल्यावर भाड्याची गोष्ट काढावी. भाडे माणशी नसून तासाचे असते, आणि तो तास नौकेत पाऊल ठेवल्यापासून मोजावयाचा की नांगर उचलल्यापासून, हे आधीच विचारलेले बरे. पुष्कळ तंटे एवढ्याशा गोष्टीवरून होतात.

दिवस कोणता निवडावा, हे जालन्यात बसूनही ठरविता येते. त्यासाठी भिंतीवरचे पंचांग पुरेसे आहे. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे समुद्राचे पाणी सुमारे सव्वासहा तास चढते आणि तितकाच वेळ उतरते. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. त्यामुळे भरतीही दररोज जवळजवळ तितकीच पुढे सरकते. यावरून कोकणातील दर्यावर्दी लोकांनी एक सोपा हिशेब बसविला आहे. पक्षातील तिथीला तीनने गुणावे आणि चाराने भागावे. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. हा हिशेब अदमासाचा आहे; अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो आणि बंदराबंदरांत वेळ बदलते. अचूक वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग भरतीची कोष्टके छापतो, ती पाहावीत. परंतु ज्या मुलाने कधी समुद्र पाहिलेला नाही, त्यानेही वहीत चार आकडे मांडून मुंबईची भरती सांगावी, ही गोष्ट काही लहान नव्हे.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र-सूर्यांची ओढ एकाच रेषेत येते. पाणी फार चढते आणि फार उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो. त्याला भांग म्हणतात. उधाणाच्या दिवशी प्रवाहाला जोर असतो, आणि तोही सर्व वेळ सारखा नसतो. भरतीच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम हलते. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते सर्वांत वेगाने धावते. शेवटी पुन्हा मंदावते. नवख्या मंडळींनी भांगाजवळचा दिवस निवडणे चांगले.

दिवस ठरला तरी वारा राहतोच. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून वारा सुटतो. त्याला मतलई म्हणतात. दुपारी जमीन तापली की तो पडतो आणि समुद्राकडून गार वारा येऊ लागतो. शिडाच्या नौकेची सहल म्हणूनच बहुधा दुपारनंतर निघते. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याने नौका पुढे जाते, हे कोणालाही पटते. समोरून वारा असताना ती पुढे कशी जाते, हे मात्र कोडे वाटते. वस्तुतः अगदी समोरच्या दिशेला कोणतीच शिडाची नौका जाऊ शकत नाही. ती वाऱ्याला तिरकी होते. तिरक्या वाऱ्यात शीड पंखासारखे फुगते आणि नौकेला एका अंगाला व थोडे पुढे ओढते. नौकेच्या तळाशी जड धातूचा कणा पाण्यात खोलवर उतरलेला असतो. तो तिला अंगावर सरकू देत नाही. मग उरते ती पुढची ओढ. थोडे अंतर डावीकडे तिरके, मग शीड फिरवून उजवीकडे तिरके, अशी नागमोडी वाट काढीत ती वाऱ्याच्या उगमाकडे जाते. घाटातील रस्ता सरळ न चढता वळणे घेत डोंगरावर जातो, त्यातलाच हा प्रकार. शीड फिरते तेव्हा खालची आडवी दांडी वेगाने या बाजूची त्या बाजूस येते. तांडेलाने आरोळी दिली की सर्वांनी मान खाली घालावयाची असते. नौका एका अंगाला कलते, तेव्हा नवखा माणूस घाबरतो. पण तळाचा जड कणा तिला पुन्हा सावरतो.

वाऱ्यावर विसंबणाऱ्या मोठ्या नौकेची अडचण मराठ्यांच्या आरमाराने १६७९ साली चांगली ओळखली होती. मुंबईच्या दक्षिणेस खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाला वेढा घातला. परंतु मराठ्यांच्या लहान, उथळ तळाच्या होड्या वल्ह्यांवर चालत. वारा पडला की इंग्रजी जहाजे जागच्या जागी खिळून राहत आणि होड्या रसद घेऊन बेटावर पोहोचत. खांदेरी अखेर मराठ्यांच्याच हाती राहिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत तिचा समावेश झाला.

या सर्व गोष्टी आनंदाच्या. पण त्याच पाण्याचा दुसराही इतिहास आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. ‘रामदास’ याच नावाची एक आगबोट मुंबईहून रेवसकडे जात असे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, आषाढी अमावास्येच्या दिवशी ती उतारूंनी भरून निघाली आणि वाटेतच बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सणासाठी आपापल्या गावी निघालेली ती माणसे होती. त्यानंतर ७७ वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, शांत समुद्रात, स्वच्छ दुपारी, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा माणसे दगावली. त्यांत एक लहान मुलगाही होता. प्रवाशांपैकी अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्या घटनेनंतर गेटवेवर प्रवाशांना जाकीट घालणे सक्तीचे झाले. पहिल्या अपघातात ऋतूची मोठी भीती होती, दुसऱ्यात तर आकाशात ढगही नव्हता.

असे असूनही धक्क्यावर दररोज एक प्रसंग घडतो. समजा, जालन्याच्या एका कुटुंबाने कार्तिक शुद्ध चतुर्थीला आठ जणांची नौका ठरविली. चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. दोनला निघावे आणि पाचला परतावे, असा बेत. ऐन वेळी मुंबईचे नातेवाईक येऊन मिळतात आणि मंडळी होतात दहा. आजोबा खिशात हात घालतात.

“तांडेल, दोघांचे वेगळे पैसे देतो. पोरे आहेत, मांडीवर बसतील.”

“आजोबा, पैशाचे काही नाही,” तांडेल म्हणतो. “कागदावर आठ लिहिले आहेत. मांडीवर बसले तरी पोर पाण्याला मोजता येते.”

आजोबांना राग येतो. जालन्याच्या बाजारपेठेत ज्यांचा शब्द चालतो, त्यांना येथे एक खलाशी नाही म्हणतो. भाडे आगाऊ दिलेले आहे. नातवंडांची तोंडे उतरलेली आहेत. शेजारी एक माणूस हळूच सांगतो की, पलीकडची नौका दहा जणांना घेईल. येथे तांडेलाने मान डोलावली असती, तर बहुधा काहीही झाले नसते. शंभरांपैकी नव्याण्णव वेळा काहीच होत नाही, आणि म्हणूनच असे तांडेल लोकांना हटवादी वाटतात. पण तो तसाच उभा राहतो, नौकेची दोरी हातातून सोडीत नाही. अखेर मुलांचे वडील आणि मामा धक्क्यावर थांबतात. उरलेल्या आठांच्या जाकिटांचे बंद तांडेल स्वतः ओढून पाहतो, आजोबांचाही.

नौका निघते. एका अंगाला नौदलाच्या करड्या युद्धनौका, दुसरीकडे घारापुरीचे डोंगर, मागे कमान लहान होत जाते. इंजिन बंद करून शीड उभारले की एकाएकी शांतता होते आणि पाणी फळीवर थापटल्याचा तेवढा आवाज उरतो. मुले पाण्यात बोट बुडवून चव पाहतात आणि तोंडे वेडीवाकडी करतात. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलांना एवढे पाणी असून त्यातला एक पेला पिता येऊ नये, याचे नवल वाटते. आजोबा बराच वेळ काही बोलत नाहीत. मग शीड फिरविण्याची आरोळी होते, आणि मान खाली घालता घालता ते तांडेलाला विचारतात की, ही दांडी सागवानाची की लोखंडाची.

“ॲल्युमिनियमची, आजोबा. हलकी असते. तरी डोक्याला लागली तर लागतेच.”

पाच वाजता परतताना भरती सरून दोन तास झालेले असतात. निघताना ज्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, त्यांपैकी काही उघड्या पडलेल्या दिसतात. त्यांच्यावर हिरवे शेवाळ असते. खलाशी प्रथम उतरतो आणि दोरी बांधतो. नौका लाटेबरोबर वर आली की एकेकाने उतरावयाचे, ती खाली जात असताना नाही, एवढे तांडेल सांगतो. धक्क्यावर थांबलेले दोघे, एक वरच्या कोरड्या पायरीवर आणि एक त्याच्या खाली, हात पुढे करून उभे असतात.