‘हार्ड’ला ‘ली’ लावण्याआधी

आमच्या वॉर्डात ड्यूटी बदलताना बोलणं मराठीत होतं, पण केसपेपरवर लिहायचं ते इंग्रजीत. एका नव्या सिस्टरने दम्याच्या आजींबद्दल डॉक्टरांना रात्री मेसेज पाठवला : ‘पेशंट इज हार्डली ब्रीदिंग.’ तिला म्हणायचं होतं, श्वास घ्यायला फार कष्ट पडताहेत. डॉक्टरांनी वाचलं, श्वास जेमतेम चालू आहे. ते नळी घालायच्या तयारीनिशी धावत आले. आजी खाटेवर बसून धापा टाकत होत्या. त्यांना हवा होता नेब्युलायझर.

तेव्हापासून नव्या मुलींच्या नोंदी मी स्वतः वाचते. दोष मात्र त्यांना देत नाही. शाळेत आपल्याकडून एकच नियम घोकून घेतात : विशेषणाला ‘ली’ लावा, झालं क्रियाविशेषण. ‘स्लो’चं ‘स्लोली’, मग ‘हार्ड’चं ‘हार्डली’. पण ‘हार्ड’ स्वतःच क्रियाविशेषणही आहे. जुन्या इंग्रजीत क्रियाविशेषणाच्या शेवटी एक स्वर असे. तो झिजला आणि दोन्ही रूपं सारखीच झाली. ‘हार्डली’चाही अर्थ एके काळी ‘जोराने’ असाच होता. पुढे तो ‘जेमतेम’कडे सरकला.

सगळ्यात जपावं ते ‘निअरली’ला. ‘पेशंट निअरली फेल’ म्हणजे पडता पडता वाचला. ‘फेल निअर द बेड’ म्हणजे खाटेजवळ पडला. पडलेल्या माणसाची नोंद ‘निअरली’ने झाली, तर त्याच्या डोक्याला मार लागलाय का, हे सकाळी कुणी बघणारच नाही! ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. औषध उशिरा दिलं असेल तर नुसतं ‘लेट’. ‘प्रेझेंटली’ आपण ‘सध्या’ म्हणून वापरतो, पण ब्रिटिश इंग्रजीत त्याचा जुना रूढ अर्थ ‘थोड्याच वेळात’. तिकडे नोकरीला निघालेल्या मुलींनी सरळ ‘करंटली’ लिहावं.

माझं सांगणं एवढंच, की जिथे आकडा लिहिता येतो तिथे क्रियाविशेषण नको. प्रौढ माणसाचे विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. तुम्ही ३४ मोजले असतील तर ३४ लिहा. आठचा डोस आठ-चाळीसला दिला, तर दोन्ही वेळा लिहा. कुणी पडलं तर कुठे, कधी, डोकं आपटलं का, कुणी पाहिलं, हे लिहा. इंग्रजी अडलं तर मराठीत लिहून ठेवा आणि इन्चार्जला फोन करा. मला रात्री तीनला उठवलंत तरी चालेल.